खोबरेल लावलेलं कार्ड

माझ्या पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याचे उतारे आहेत, रेशनकार्ड आहे, गवंडीकामाच्या जुन्या मापांची वही आहे आणि बँकेचं एक कार्ड आहे. कार्डात आता एक पैसाही नाही. त्याची मुदतही कधीच संपली. सूनबाई दिवाळीत पेटी झाडते तेव्हा विचारते, "बाबा, हे टाकू?" मी नाही म्हणतो. का नाही, ते तिला कधी सांगितलं नाही. तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि गोष्ट राहून जाते. म्हणून लिहितो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. एक ओळ लिहायला मला चिऱ्यांचा एक थर चढवण्याएवढा वेळ लागतो. पण मी चढवलेला थर आजपर्यंत वाकडा गेलेला नाही. रत्नागिरीच्या आसपास मी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत, कुणी ओळंबा लावून बघावा. बायको मात्र सातवी पास. हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर महिन्याने कळलं, आणि पुढची चाळीस वर्षं मी ते न कळल्यासारखा वागलो.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी आमच्या गावात नळाचं पाणी आलं. सड्यावर, वाड्यांच्या वरच्या कातळमाळावर, टाकी बांधली. टाकीच्या खालच्या थराचे चिरे माझे. टाकीपाशी दोन व्हॉल्व्ह होते, एक वरच्या वाडीचा, एक खालच्या वाडीचा. सकाळी अर्धा तास वर, अर्धा तास खाली, असं ठरलं. व्हॉल्व्ह फिरवायची काठीएवढी लांब लोखंडी चावी बचत गटाकडे आली आणि गटाच्या बायकांनी ती आमच्या हिच्या हातात दिली. हिशेबाला चोख आणि भांडणात न पडणारी, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी ती चावी खांद्यावर टाकून घरी आली तेव्हा मी नुसतं बघितलं. पण आमच्या घरात कुणाच्या ताब्यात गावाची वस्तू यावी, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी तिच्याबरोबर सड्यावर जायचो. ती व्हॉल्व्ह फिरवी आणि मी टाकीच्या कट्ट्यावर बसून वेळ सांगे. मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हता. माझ्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं. एका बागायतदाराचं घर मी ठरल्या मुदतीत बांधून दिलं म्हणून त्याने स्वतःच्या हातातलं काढून मला दिलेलं. असलं घड्याळ चुकणार कसं? कधी कधी त्याचा काटा थबकायचा. मी मनगट झटकलं की परत चालू.

"किती झाले?" खालून ती विचारी.

"अजून आठ मिनिटं हायत."

आता लिहिताना कळतं की त्या आठ मिनिटांची बारा होत असत, कधी पंधरा. वरच्या वाडीचं पाणी तेवढं जास्त चाले आणि खालच्या वाडीची वेळ येईपर्यंत टाकी तळाला गेलेली असे. आणि आमचं घर वरच्या वाडीत.

खालच्या वाडीच्या बायका बोलू लागल्या. त्यांत एक विधवा बाई होती, तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. ती एकदा विहिरीच्या वाटेवर हिला थांबवून म्हणाली, "बाय, तुझ्या दारातल्या तगरीला पाणी जास्त लागतंय वाटतां." ही घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "मी सांगतो तिला. घड्याळ लावून वेळ सांगतो मी. घड्याळ काय कुणाच्या वाडीतलं असतं?"

ती म्हणाली, "तुमी काय सांगू नका."

तिने जत्रेतून एक स्वस्तातलं घड्याळ आणून बघितलं. व्हॉल्व्ह फिरवताना फटीतून पाणी उडतं, हात कोपरापर्यंत भिजतो. महिन्याभरात त्या घड्याळाच्या काचेत पाणी शिरलं आणि ते मेलं. पाण्यात चालणारं चांगलं घड्याळ हवं होतं. पण ते ती माझ्याकडे मागणार कशी? मी आधीच सांगून बसलो होतो की घरात एक घड्याळ आहे, दुसरं कशाला.

त्याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबईच्या मुलाने फ्रीज घ्यायला पैसे पाठवले. मी फ्रीजच्या विरुद्ध होतो. शिळं खायची सोय कशाला करायची, असं माझं म्हणणं. तरी गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, पाडव्याची ऑफर हाय. दोन हजार परत मिळतील."

"मग आत्ताच कमी कर."

"रोख नाय मिळत. कंपनी कार्ड पाठवते. ते दुकानात घासायचं आणि वस्तू घ्यायची."

मला हे बनवाबनवीचं वाटलं. मी तसं तोंडावर सांगितलं. त्याने एक इंग्रजी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा माझ्या खिशात होता, तिलाही दिसत होता. तिने फॉर्म आपल्याकडे ओढला. बारीक बारीक चौकोन होते, एका चौकोनात एक अक्षर. शाळा सोडून पन्नास वर्षं झालेली बाई, पण एकेक इंग्रजी अक्षर तिने चौकोनात असं बसवलं की कुठे रेषेला लागलं नाही. मी चिरा बसवतो तसं. मी शेजारी उभा राहून फ्रीजचं दार उघडबंद करत होतो. पण माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं. फॉर्म तिने लिहिला, म्हणून नावही तिचंच पडलं.

कार्ड येणार नाही अशी माझी खात्री होती. मी ती रोज बोलून दाखवत होतो. आषाढात पोस्टमन भिजत आला आणि रजिस्टर पाकीट तिच्या नावाने पुकारलं. सही तिची घेतली. आत निळं चकचकीत कार्ड, मागे काळी पट्टी आणि पुढे तिचं नाव, छापलेलं नव्हे, उठवलेलं. अंगठा फिरवला की अक्षरं हाताला लागत. आमच्या गावात दगडात कोरलेलं, नाव हाताला लागेल असं फक्त दोन माणसांचं आहे, एकाने शाळेला जागा दिली म्हणून आणि दुसऱ्याने देवळाचा सभामंडप बांधला म्हणून. दोघंही गेलेले. ही तिसरी, जिवंतपणी. माझा अंगठा त्या अक्षरांवरून दोन-तीनदा फिरला. मग मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ह्यात पैसे हायत ते कळायचं कसं? पाकीट उघडलं की दिसतं. हे नुसतं पत्त्यातलं पान."

"घासल्यावर कळंल." मग ती पदराने कार्ड पुसत म्हणाली, "ह्याचां मी घड्याळ घेणार हाय. पाण्यातलां."

ते पैसे माझे नव्हते, मुलाचेही नव्हते. त्यावर तिचं नाव होतं.

आता माझी चूक लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात कागद जगत नाही. भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. म्हणून घरातला प्रत्येक कागद मी लॅमिनेशन करून ठेवलेला. रेशनकार्ड, मुलाचा दाखला, निवडणुकीचं ओळखपत्र. ह्या बाबतीत माझ्याएवढा काळजीचा माणूस वाडीत नाही. तिचं कार्ड लावणीच्या चिखलात, भिजक्या हातात फिरणार. मला ते बघवेना. मी ते खिशात घातलं आणि एसटीने रत्नागिरीत गेलो. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने ते उलटसुलट करून बघितलं.

"काका, हे प्लास्टिकच हाय. त्याला परत प्लास्टिक कशाला?"

"तू मशीन चालव. सल्ला विचारायला आलो तर वेगळे पैसे देईन."

त्याने मशीन चालवलं. चहूबाजूंनी बोटभर रुंद पारदर्शक कड सोडून कार्ड आत बंद झालं. मी घरी येऊन ते तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उजेडात धरलं आणि हसली. "आता समुद्रात पडलां तरी चालंल." मला बरं वाटलं. त्या कार्डात माझाही थोडा हात लागला असं वाटलं.

लावणी झाली, गणपती झाले, भातं कापली. पाऊस असेपर्यंत नळाच्या पाण्याची कुणाला फिकीर नव्हती. विहिरी कमी होऊ लागल्या तशी भांडणं परत सुरू झाली. दिवाळीनंतर गटाची बैठक बसली आणि त्यात ठरलं, पंधरा दिवस बघायचं. खालच्या वाडीला पाणी पुरलं नाही तर चावी खालच्या वाडीत जाईल. हिच्यावर चोरीचा आळ कुणी शब्दाने घातला नाही. पण तिथून ती घरी आली तेव्हा चावी खांद्यावर नव्हती, हातात होती, आणि टोक जमिनीवर घासत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला, घड्याळ घेऊन येऊ."

रत्नागिरीत कार्डाचं मशीन असलेली दुकानं तेव्हा मोजकी. एक घड्याळाचं दुकान होतं. मालक खाडीपट्ट्यातला मुसलमान, कुवेतमध्ये कितीतरी वर्षं नोकरी करून परत आलेला, दाढी नीट राखलेला, आवाज मऊ. त्याने हिला खुर्ची दिली. मला दिली ती मी घेतली नाही. हिने त्याला सांगितलं, हात कोपरापर्यंत पाण्यात जातो, असं घड्याळ पाहिजे. त्याने नाजूक, सोनेरी काही दाखवलंच नाही. जाड काचेचं, मोठ्या आकड्यांचं, काळ्या रबरी पट्ट्याचं घड्याळ काढलं. "काकी, हे बोटीवरची मुलं घालतात."

तिने ते कानाला लावलं. मग मनगटावर ठेवून हात जरा लांब धरला. तिला ते आवडलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

तिने कार्ड पुढे केलं. मालकाने ते हातात घेतलं, मशीनच्या फटीपाशी नेलं आणि थांबला. ते आत जाईना. रुंदीने जाईना, जाडीने जाईना. त्याने वर बघितलं. तो हसला नाही, एवढं मी त्याचं देणं मानतो. कोपऱ्यात दोन कॉलेजच्या मुली पट्टे बघत होत्या, त्या मात्र हसल्या.

"लॅमिनेशन कुणी केलं ह्याला?"

मी तोंड उघडलं असेल, नक्की आठवत नाही. पण माझ्या आधी ती बोलली.

"मीच केलां. पावसात खराब होईल म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्या मुलींना कळलं असतं. मी शोकेसमधल्या घड्याळांकडे बघत उभा राहिलो. सगळ्यांत वेगवेगळे वाजले होते. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की माझ्या हातून चूक होत नाही, आणि झाली तर मी अंगावर घेतो. त्या दिवशी मी काहीच अंगावर घेतलं नाही. ती मला पहिल्यापासून ओळखत होती, आणि म्हणूनच बोलली.

मालकाने कार्डाच्या मागची काळी पट्टी तिला दाखवली. मशीन ही पट्टी वाचतं, म्हणाला. मग पुढचे आकडे दाखवून म्हणाला, "हा महिना संपला की कार्ड संपलं. चार दिवस हायत. हे सोलून आणा. पण ब्लेड लावू नका, कात्री पट्टीजवळ नेऊ नका. ओरखडा गेला तर त्यातले पैसे कुणाला मिळायचे नाहीत, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही." आणि ते घड्याळ त्याने तिच्यासमोर वेगळं काढून ठेवलं.

परत येताना एसटीत तिने कार्ड पदरात धरून ठेवलं.

दुपारी ती पडवीत उजेडाला बसली. वाटीत खोबरेल घेतलं. मी म्हटलं, "तेलाने काय होणार?" ती म्हणाली, "फणसाचा चीक कशाने सुटतां?" फणस कापताना हाताला आणि विळीला ती तेल लावते, हे मी जन्मभर बघितलेलं, पण त्याचा आणि कार्डाचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नसता.

आधी तिने लांबूनच कात्रीने भोवतीची मोकळी कड कापली, कार्डापासून तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राखून. मग एका कोपऱ्यात नखाने उचललं. तेवढ्याला घटकाभर गेली. प्लास्टिक कोपऱ्यात सुटलं की तेलाचं बोट त्या फटीत लावायची आणि थांबायची. तेल आत सरकलं की केसभर ओढायची. परत तेल, परत थांबायचं. मी दगडाचं काम केलेला माणूस. घाईने छिन्नी मारली की चिरा कसा फुटतो ते मला माहीत आहे, आणि न मारता थांबणं किती अवघड तेही. माझ्या हाताखाली किती गवंडी घडले, पण असं थांबणारा हात त्यांत एकाचा नव्हता. माझाही नाही, हेही लिहितो. पुढची बाजू निघायला उन्हं उतरली. उठवलेल्या अक्षरांच्या खाचांत डिंक अडकला होता, तो तिने ओल्या वातीने एकेका अक्षरातून काढला. स्वतःचं नाव तिने असं अक्षर अक्षर करून धुतलं.

मागची बाजू काळ्या पट्टीची. तिथे ती आणखी हळू झाली. मी शेजारी बसून वाटी धरली होती, त्याहून जास्त मला काही करू दिलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "दुकानात माझं नाव सांगायचं होतंस."

ती मान वर न करता म्हणाली, "नवऱ्याचां नाव कुठं घेतात?"

मला हसू आलं. तिला नाही आलं, ती पट्टीत गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. कार्ड तिने धुऊन, जुन्या मलमलीत गुंडाळून नेलं होतं, तरी त्याला तेलाचा वास येत होता. मालकाने ते आपल्या रुमालाने एकदा पुसलं आणि फटीतून ओढलं. मशीन गप्प. दुसऱ्यांदा ओढलं, मशीनने बारीक आवाज केला आणि नाही म्हटलं. हिने माझ्या सदऱ्याची बाही धरली. एवढ्या वर्षांत तिने बाजारात माझी बाही कधी धरली नव्हती.

"वाचलं," मालक म्हणाला. "कार्ड वाचलं. घड्याळ दोन हजाराच्या वर हाय, कार्डात तेवढे नाहीत, म्हणून नाही म्हणतंय. कार्डात जेवढे हायत तेवढेच मागायचे, वरचे रोख द्या." त्याने आकडा परत घातला, परत ओढलं, आणि मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. त्यावर तिने सही केली. वरचे पैसे मी खिशातून काढले. ते मात्र मला देऊ दिले. त्या मशीनचं मला तेव्हापासून कौतुक आहे. एवढ्या तेलातून, डिंकातून, माझ्या शहाणपणातून त्याने तिचं म्हणणं बरोबर वाचलं.

दुसऱ्या सकाळी सड्यावर मी नेहमीच्या कट्ट्यावर बसलो, पण मला कुणी वेळ विचारली नाही. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. तिने वरचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा माझ्या घड्याळात अजून नऊ मिनिटं होती.

"अजून नऊ हायत," मी म्हटलं.

"ह्यात झाली."

"नवीन घड्याळं पुढे धावतात."

"असंल," ती म्हणाली आणि खालचा व्हॉल्व्ह फिरवायला लागली. पाणी तिच्या कोपरापर्यंत उडालं, काचेवरून ओघळलं, आणि काटा चालत राहिला.

चार-पाच दिवसांनी ती खालच्या वाडीची बाई सड्यावर चढून आली. मुलाचं घड्याळ मागून, हातात धरून आणलं होतं. पूर्ण अर्धा तास टाकीपाशी उभी राहिली, दोन्ही घड्याळं बघत. पाणी बंद झाल्यावर म्हणाली, "आज हंडे भरून वर दोन कळश्या झाल्या. म्हणजे आधी तुझां घड्याळच खुळां होतां तर."

आधी ज्या घड्याळाने वेळ सांगितली जाई ते कुणाचं, हे हिला एका शब्दात सांगता आलं असतं. मी कट्ट्यावरच बसलो होतो, मनगट गुडघ्यावर, सगळ्यांना दिसेल असं.

ही म्हणाली, "व्हय गो. जत्रेतलां होतां."

पंधरा दिवस झाले, बैठक बसली, चावी आमच्याच घरात राहिली. पुढे कितीतरी वर्षं राहिली. खालच्या वाडीची ती बाई पुढे हिची अशी मैत्रीण झाली की आमच्या फ्रीजमध्ये तिचे मासे असत.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण ती आंघोळीला गेली की तिचं घड्याळ कोनाड्यात असे, त्यात बघून मी माझं रोज लावून घेऊ लागलो. दाराकडे पाठ करून, पटकन. कधी सात मिनिटं मागे असे, कधी दहा. महिनाभर असं चाललं. मग एका सकाळी मी माझं घड्याळ उचललं आणि बघितलं, तर ते आधीच लावलेलं होतं, तिच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट. माझ्या घड्याळाच्या चावीच्या बारीक दातांना खोबरेल लागलेलं होतं.